आजीनं पेरू आणले

सातवी ‘ब’च्या अख्ख्या वर्गानं जवळजवळ एकच उत्तर लिहिलं होतं आणि ते साफ चूक होतं. थोडंथोडकं नाही, उताऱ्यात जे छापलं होतं त्याच्या उलटं. उज्ज्वला ताकभाते बाईंनी पहिले काही पेपर तपासले तेव्हा त्यांना वाटलं, पोरांनी एकमेकांचं बघून लिहिलंय. पुढचे तपासल्यावर वाटलं, आपलाच उतारा छापताना घोळ झाला असेल. त्यांनी छापील कागद डोळ्यांसमोर धरला. घोळ नव्हता. उतारा त्यांनीच रचलेला होता आणि तो असा होता:

‘आजीनं कुंपणावरून हात घालून शेजारणीच्या झाडाचे पेरू चोरले. दुपारी शेजारीण विचारायला आली, तेव्हा आजीनं माकडांचं नाव पुढे केलं. संध्याकाळी त्यातलाच एक पेरू तिनं शेजारणीच्या नातीला कापून, मीठ लावून दिला.’

खाली प्रश्न होता: आजी तुम्हाला कशी वाटली? का?

वर्गाला आजी प्रेमळ वाटली होती. कारणं तेवढी वेगवेगळी. कुणाच्या आजीनं पेरू बाजारातून आणले होते, कुणाच्या आजीनं ते शेजारणीकडून मागून घेतले होते, एकाच्या आजीनं तर माकडांपासून शेजारणीचं झाड वाचवलं होतं. चोरी कुणाच्याच पेपरात नव्हती. आणि बाजार हा शब्द उताऱ्यात औषधालासुद्धा नव्हता.

बाईंनी हा उतारा चिडूनच लिहिला होता. मराठीचा पेपर दिलेल्या कुणालाही ती युक्ती सांगायला नको. उतारा वाचायचा नाही. आधी प्रश्न वाचायचा, प्रश्नातला ठळक शब्द उताऱ्यात हुडकायचा, सापडला की त्या ओळीच्या सुरुवातीपासून पूर्णविरामापर्यंत सगळं उतरवून काढायचं. गुण पक्के. शाळेत हेच शिकवतात, शिकवणीवाले ह्याचीच फी घेतात आणि वर ह्याला आकलन म्हणतात. असा शिकलेला माणूस पुढे औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचतो, कर्जाच्या अटी वाचतो, उमेदवाराचं पत्रक वाचतो आणि सगळीकडे ओळखीचा शब्द सापडला की मोकळा होतो. उज्ज्वलाबाईंची सगळी नोकरी ह्या युक्तीशी भांडण्यात गेली. म्हणून त्या असे उतारे रचायच्या, ज्यांचं उत्तर कुठल्याच ओळीत आयतं सापडायचं नाही.

पण ह्या वेळी पोरांनी युक्तीसुद्धा वापरली नव्हती. उतरवून काढलं असतं तर निदान ‘चोरले’ तरी आलं असतं.

पेपरांचा गठ्ठा घेऊन त्या मुख्याध्यापक कानगुडे सरांच्या खोलीत गेल्या, तर सर पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडत होते. राज्याच्या आकलन चाचणीत शाळा पहिली आली होती. सर्वांत मंद वाचणारी म्हणून एकेकाळी बदनाम असलेली बार्शीतली ही शाळा. बाईंनी पेरूंचं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, की तुम्ही लेकरांपुढे चोरट्या आजीचा उतारा ठेवताच कशाला. मग त्यांनी मुख्य बातमी सांगितली. येत्या शनिवारी शाळेत समारंभ होता. ज्या सुबोध चष्म्यानं हा चमत्कार केला, तो बनवणाऱ्या चमूतली एक इंजिनिअर ह्याच शाळेची माजी विद्यार्थिनी होती. तिचा सत्कार. शिक्षण खात्याचे साहेब येणार. मराठीच्या शिक्षिका म्हणून बाईंनी लेखी निवेदन द्यायचं, की ह्या चष्म्यामुळे आमच्या मुलांचं वाचन सुधारलं. ते निवेदन मिळालं, की जूनपासून जिल्ह्यातल्या एकूण एक पोराच्या नाकावर चष्मा.

‘‘आणि निवेदन तुमच्याशिवाय कोण देणार बाई?’’ सर म्हणाले. ‘‘लेक तुमची आहे.’’

इंजिनिअर म्हणजे शर्वरी. उज्ज्वलाबाईंची एकुलती एक मुलगी.

चष्म्याचं शास्त्र तसं कुणालाही कळेल असं आहे. वाचताना माणसाचे डोळे ओळीवरून घसरत जात नाहीत, उड्या मारत जातात. एका शब्दावर क्षणभर टेकतात, पुढे उडी घेतात. अडलं की उडी मागे येते. जड मजकुरावर डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. चष्म्याच्या कडेला बसवलेला बारीक कॅमेरा हे सगळं टिपतो. कानामागे टेकणारी धातूची टिकली मेंदूतली वीज टिपते. ‘चहात चमचाभर साखर घातली’ हे वाचताना मेंदू शांत असतो. ‘चहात चमचाभर सिमेंट घातलं’ म्हटलं, की अर्ध्या सेकंदाच्या आत त्यात एक लहर उठते. ही लहर शास्त्रज्ञांना फार वर्षांपासून ठाऊक आहे. शर्वरीच्या कंपनीनं एवढंच केलं, की लहर उठली रे उठली, की काचेवर, कागदावरच्या अक्षरांच्याच जागी, त्याच वळणाची दुसरी अक्षरं उमटवायची. लांब वाक्य तोडायचं. जड शब्द काढून हलका ठेवायचा. लहर बसली आणि डोळे मागे वळेनासे झाले, की वाचणाऱ्याला समजलं असं धरायचं. राज्याच्या चाचणीचे गुणही ह्यावरूनच पडायचे.

सुरुवातीला चष्मा पोर अडल्यावर शब्द बदलायचा. वर्षभरात एकेका पोराचा मेंदू त्याला असा पाठ झाला, की पोर अडण्याआधीच तो बदलायला लागला. मनातल्या मनात एकदा पान वाचून झालं, की मजकूर त्या पोरापुरता ठरून जायचा.

आणि हे वर्षभर कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण शाळेतलं मोठ्यानं वाचणं बंद झालं होतं. जबडा हलला, की त्याच्या स्नायूंची वीज टिकलीत घुसते आणि मोजमाप बिघडतं. म्हणून खात्यानं आदेश काढला, की प्रकट वाचन घेऊ नये. आदेशात कारण मात्र दिलं होतं, की त्यामुळे मुलांना न्यूनगंड येतो. शिक्षकांनी आनंदानं मान्य केलं. तेवढाच घशाला आराम.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला बाईंनी आदेश मोडला. उतारा पुन्हा वाटला, मनात वाचायला लावला आणि मग पहिल्या बाकापासून एकेकाला उभं केलं.

पहिली मुलगी खणखणीत वाचून गेली, आजीनं बाजारातून पेरू आणले. तिच्या मागच्यानं तितक्याच खणखणीत आवाजात वाचलं, आजीनं शेजारणीकडे पेरू मागितले. तिसऱ्यानं वाचलं, की शेजारणीनंच आजीचे पेरू चोरले. त्याच्या घरी शेजाऱ्यांशी बांधावरून कोर्टकचेरी चालली होती, हे अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. पोरं आधी हसली, मग एकमेकांवर ओरडायला लागली. माझाच कागद बरोबर, तुला वाचता येत नाही. कागदांची अदलाबदल झाली. तरी ज्याचा त्याचा मजकूर ज्याच्या त्याच्यापाशीच राहिला.

बाईंनी चष्मे काढून बाकावर ठेवायला सांगितले. ज्या पोरांनी राज्यात पहिला नंबर आणला होता, ती बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, अडखळत वाचायला लागली. कुणीतरी ‘चो’ म्हणालं आणि थांबलं. पहिल्या बाकावरची मुलगी सर्वांत आधी शेवटापर्यंत पोचली. तिनं मागे जाऊन पुन्हा वाचलं आणि हात वर केला.

‘‘मॅडम, हे चुकीचं छापलंय. आजी चोरत नसते.’’

घरी बालाजी ताकभाते सोप्यात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. एसटीत गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात ह्या माणसाचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी पेपरावर डाफरणं हा त्यांचा व्यायाम होता. बाईही त्यांच्याशी हिरिरीनं भांडायच्या. बाईंनी स्वतःसाठी चष्मा कधी घेतला नाही. शर्वरीनं वडिलांना दिल्यापासून मात्र पेपर वाचताना ते गुणगुणायला लागले होते. बाईंनी मनातून लेकीचे आभार मानले होते. घरात शांतता होती. ती कशाची होती, हे त्यांना आज कळलं.

त्यांनी नवऱ्याला नळाच्या पाण्याची बातमी मोठ्यानं वाचायला सांगितली. बालाजीरावांनी वाचली: शहराला रोज पाणी. बाईंनी पेपर ओढून घेतला. त्यात छापलं होतं, चार दिवसांआड. आणि हा माणूस महिनाभर, पाणी आलं नाही की, व्हॉल्व्ह सोडणाऱ्याच्या नावानं शंख करत होता, की पेपरात रोज येणार म्हणून छापलंय आणि हा हरामखोर पाणी कुठं नेऊन विकतो.

बाईंनी शर्वरीला पुण्याला फोन लावला. शर्वरीनं सगळं नीट ऐकून घेतलं. ती चक्रावली नाही ह्याचंच बाईंना जास्त वाईट वाटलं. तिनं सांगितलं, की अर्थ किती सरकू द्यायचा ह्याला त्यांनी मर्यादा घातलेली आहे. पण चष्मा रोज शिकतो आणि रोज थोडा सरकतो. रोजचं सरकणं मर्यादेतच असतं, वर्षाची बेरीज कुणी केली नाही.

‘‘आई, खरं सांगू का? माणसाला एखादी गोष्ट समजली नाही तरी ती लहर उठते आणि पटली नाही तरी उठते. टिकलीला त्यातला फरक कळत नाही. आम्ही तिला लहर बसवायला सांगितलं. ती बसवते.’’

बाईंनी विचारलं, की मग हे विकता कसं तुम्ही. शर्वरी चिडली. ती म्हणाली, तुझा तास आठव. पाठ निम्मा व्हायच्या आत किती पोरं खिडकीबाहेर बघायला लागायची? आता तीच पोरं पान संपवतात, पुस्तक संपवतात. पेरू इकडचे तिकडे झाले म्हणून तू सगळ्यावर बोळा फिरवणार का? खिडकीबाहेर बघणारी पोरं बाईंनी स्वतः पाहिली होती.

‘‘आणि हे बघ,’’ शर्वरी समजुतीच्या सुरात म्हणाली, ‘‘त्यात धोका असता तर मी स्वतः पहिल्या दिवसापासून घातला असता का? झोपताना तेवढा काढते.’’

फोन ठेवून बाईंनी बोटांवर महिने मोजले.

दोन वर्षांपूर्वी शर्वरी एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होती. ती नोकरी सोडून तिनं ही कंपनी धरली, तेव्हा मायलेकींचं असं वाजलं, की बोलणंच तुटलं. फोन नाही, सणाला येणं नाही. मग एके दिवशी बाईंनी तिला एक मेसेज लिहिला. उतारा रचावा तसा रचून, खोडून, पुन्हा लिहून, मनात होतं नव्हतं ते सगळं त्यात ओतलं. त्याला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘आई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. रविवारी येते.’ आणि शर्वरी खरंच आली. आदल्या दिवशी कळवून आली. दारात वाकून नमस्कार केला, गळ्यात पडली. एवढं टोचून लिहिलेलं पोरीनं गिळलं, वर उमदेपणानं आली, ह्या विचारानं बाई विरघळल्या होत्या. तेव्हापासून दोघींचं दुधात साखर चाललं होतं. शेजारीपाजारी बाई सांगायच्या, की आपल्या मुलीला खरं बोललेलं समजतं.

त्या वेळी नव्या कंपनीत लागून तिला काही महिने झाले होते. चष्मा नाकावर होता.

बाईंनी नवऱ्याला हे सांगितलं. बालाजीरावांनी स्वतःचा चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि बायकोला पहिल्यांदाच बघत असल्यासारखं घाबऱ्या नजरेनं तिच्याकडे पाहिलं. म्हणाले, गोडीगुलाबीनं चाललंय, उकरून काय मिळणार. तिनं काय वाचलं असेल ते असेल, ती आली ना? शनिवारी निवेदन दे, हार घालून घे, लेकीला जेवू घाल. आणि पेरूंचं? त्यावर ते म्हणाले, की जगात आजवर पुष्कळ पेरू चोरीला गेलेत.

बाई रागानं स्वयंपाकघरात गेल्या. राग नवऱ्याचा नव्हता. तो बोलला ते त्यांच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. निवेदनात खरं लिहिलं, तर लेकीच्या कामावर भर सभेत पाणी ओतायचं आणि मग लेक विचारणार, की तू मला तेव्हा काय लिहिलं होतंस. खोटं लिहिलं, तर जिल्ह्यातलं कुठलंही पोर ह्यापुढे स्वतःच्या मनाबाहेरचं एक वाक्यही वाचणार नाही. एका पारड्यात लेक आणि दुसऱ्यात लोकांची लेकरं. असले प्रश्न पेपरात टाकणाऱ्याला त्या नेहमी नावं ठेवायच्या.

शनिवारी सकाळी त्यांनी निवेदन कानगुडे सरांच्या हातात दिलं. अक्षर सुवाच्य, वाक्यं छोटी. ‘सुबोध चष्म्यामुळे मुलांचं वाचन बंद पडलं आहे. जे आधीच ठाऊक आहे तेवढंच त्यांना दिसतं. हा चष्मा शाळांतून काढून टाकावा.’ आता सर आकांडतांडव करतील, म्हणून बाई कंबर कसून उभ्या राहिल्या.

सरांनी नाकावरचा सुबोध चष्मा सारखा केला आणि कागदावरून नजर फिरवली. त्यांचा चेहरा उजळला.

‘‘वा बाई. थोडक्यात आणि मुद्देसूद.’’

आणि कागद त्यांनी कोटाच्या खिशात घातला. बाई म्हणाल्या, सर, मी काय लिहिलंय ते नीट वाचा. सर म्हणाले, वाचलं की, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत. ह्यावर माणसानं काय करावं? डोकं आपटायला मांडवात खांबही कळकाचे होते.

मांडव भरला होता. पालकांत निम्मे बाईंचे जुने विद्यार्थी, त्यांच्याही नाकावर चष्मे. खात्याचे साहेब मधल्या खुर्चीत, त्यांच्या शेजारी शर्वरी, निळ्या साडीत. आईकडे बघून ती लहानपणीसारखी हसली आणि बाईंना वाटलं, उठावं आणि घरी जावं. स्वागत झालं, नारळ झाले, शाली झाल्या. मग कानगुडे सरांनी खिशातून कागद काढला आणि माइकवर गळा साफ केला.

‘‘आपल्या ताकभाते बाई लिहितात: सुबोध चष्म्यामुळे मुलांचं वाचन सुरू झालं आहे. जे ठाऊक नव्हतं ते त्यांना दिसू लागलं आहे. हा चष्मा सगळ्या शाळांत यावा.’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. शर्वरीही टाळ्या वाजवत होती, आईकडे बघून, डोळे भरून. आत्ता गप्प बसलं तर काहीच बिघडत नव्हतं. कुणालाही, कधीही कळणार नव्हतं. बाई गप्प बसूनच होत्या. पण टाळ्या थांबेनात. मागच्या सतरंजीवर सातवी ‘ब’ बसली होती. पहिल्या बाकावरची ती मुलगी बाईंकडे टक लावून बघत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती.

बाई उठल्या. सरांच्या हातातून कागद घेतला आणि त्यावर जे लिहिलं होतं ते माइकवर वाचलं. तिन्ही वाक्यं, सावकाश, श्रुतलेखन घालावं तशी.

आवाजाला चष्मा नसतो. वाक्य कानात शिरलं, की लहर उठायची ती उठते आणि ती बसवायला तिथे कुणी नसतं. मांडवात कुजबूज सुरू झाली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. कानगुडे सर माइकवर वाकून म्हणाले, की बाईंची प्रकृती दोन दिवस बरी नाही. साहेब माणूस शांत होता. त्यांनी हात पुढे करून कागद मागितला, चष्म्यातून वाचला आणि मृदू आवाजात म्हणाले:

‘‘बाई, कागदावर तसं नाहीये. माझ्या डोळ्यांसमोर आहे ना.’’

कागद पुढच्या रांगेतून फिरला. पालक प्रतिनिधींनी वाचला, माजी नगरसेवकांनी वाचला. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद लोक त्यांच्या तोंडावर खोटा पाडत होते आणि त्यातला एकही जण खोटं बोलत नव्हता.

मग तो कागद शर्वरीकडे आला. तिनं तो वाचला. तिच्याही चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. आणि तिनं चष्मा कपाळावरून केसांत सरकवला. उघड्या डोळ्यांनी ती कागदाशी झटू लागली. एवढी शिकलेली पोरगी, तीन वाक्यांना तिला केवढा वेळ लागला. लोक चुळबुळायला लागले.

‘‘आईनं वाचलं तेच लिहिलंय,’’ ती म्हणाली. माइक तिच्यापासून लांब होता, त्यामुळे ते पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेलं.

साहेब म्हणाले, काही तांत्रिक अडचण दिसते, बघून घेऊ. कागद फायलीत गेला. त्या फायलीत त्याचं पुढे काय वाचलं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. कानगुडे सरांनी अल्पोपाहार जाहीर केला आणि सभा उपम्याकडे वळली.

बाई सातवी ‘ब’च्या रिकाम्या वर्गात येऊन बसल्या. पाठोपाठ बालाजीराव आले आणि त्यांच्या मागून शर्वरी. चष्मा अजून केसांतच होता. ती आईच्या समोरच्या बाकावर बसली, गुडघे फळीखाली मावेनात.

‘‘तू मला तेव्हा काय लिहिलं होतंस?’’

बालाजीराव घाईनं म्हणाले, की छानच लिहिलं होतं, मी वाचलंय. शर्वरीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या आठवणीतला मेसेज तिनं म्हणून दाखवला. तो तिला पाठ होता. ‘तू नवीन काम धरलंस. मी तुझी आई आहे. मला तुझा अभिमान वाटतो. घरी ये. येणार असशील तर आदल्या दिवशी कळव, शेंगापोळी करून ठेवते.’ आईशी तुटलेलं असताना रोज ह्याचीच वाट बघत होते, असं ती म्हणाली. मग आला.

अजूनही बाईंना सांगता आलं असतं, की हो, हेच लिहिलं होतं. त्यांनी पर्समधून फोन काढला, दोन वर्षं मागे गेल्या, मेसेज शोधला आणि फोन लेकीसमोर बाकावर ठेवला.

‘‘चष्मा घालू नकोस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मोठ्यानं वाच.’’

शर्वरी वाचायला लागली. ‘‘शर्वरी, तू शिकवायचं सोडून पोरांच्या डोक्यात काय चाललंय ते मोजायला निघालीस. पगार मोठा आहे, तो तुला लखलाभ. मी तुझी आई आहे, तुझं गिऱ्हाईक नाही, म्हणून गोड बोलणार नाही. मला तुझी लाज वाटते.’’ बालाजीराव खिडकीशी जाऊन उभे राहिले. ‘‘हे तुला कळेपर्यंत घरी येऊ नकोस. आणि येणार असशील तर आदल्या दिवशी कळव. शेंगापोळीचं सारण आदल्या दिवशी करावं लागतं.’’

बाहेरून पत्रावळींचा आणि पोरांचा गलका येत होता. आता ही उठेल, बाईंना वाटलं, आणि पुन्हा दिसणार नाही. आपण पोरीसाठी लिहिलेला प्रत्येक शब्द त्यांनी आज पहिल्यांदा कानांनी ऐकला होता आणि तो इतका कडू असेल असं त्यांना लिहिताना वाटलं नव्हतं. त्यांना मेसेजमधली सगळ्यांत ठळक ओळ शेंगापोळीची वाटली होती.

शर्वरीचा चेहरा लाल झाला होता. ती रडली नाही. ती भांडली. म्हणाली, लाज वाटते म्हणजे काय? मी आश्रमशाळेत होते तेव्हा पोरांना पुस्तकातली ओळ लागत नव्हती म्हणून रोज रडत होते, तुला फोनवर सांगितलं होतं, तू ऐकलंस का? त्याच पोरांसाठी गेले मी तिकडे. बाईंनी तोंड उघडलं, तर ती म्हणाली, थांब, माझं झालेलं नाही. दोन वर्षांत ती आईशी अशी एकदाही बोलली नव्हती. बालाजीरावांनी खिडकीशी डोळे मिटून घेतले. बाईंना मात्र कितीतरी दिवसांनी खोलीत दुसरं माणूस आल्यासारखं वाटलं.

मग शर्वरीनं फोन पुन्हा हातात घेतला.

‘‘येऊ नकोस म्हणतेस. आणि लगेच, येणार असशील तर कळव म्हणतेस.’’ तिनं मान वर केली. ‘‘म्हणजे मी यावं असं तुला वाटत होतं, की येऊ नये असं?’’

आयुष्यभर बाई असलेच प्रश्न पेपरात घालत आल्या होत्या. ज्याचं उत्तर कुठल्याच ओळीत आयतं नसतं. स्वतः लिहिलेल्या उताऱ्यावर त्यांना आज पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता आणि उत्तर त्यांनाही एका वाक्यात देता येत नव्हतं.

‘‘पुन्हा वाच,’’ त्या म्हणाल्या.

शर्वरीनं फोन जवळ धरला. ह्या वेळी ती मनात वाचत होती. बाई तिचे डोळे बघत होत्या. वर्गाच्या वर्ग समोर बसवून, कोण वाचतंय आणि कोण नुसतं बघतंय हे डोळ्यांवरून ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. शर्वरीचे डोळे ओळीच्या टोकापर्यंत गेले, तिथे अडले, आणि मागे आले.